भगरीबरोबर आलेली बाई

"शेपूट पिरगाळा तिचं! त्याबिगर ती हलायची न्हाई!" मामा खालून ओरडत होते.

तिच्या मालकानं, भीखाभाईनं, शेपूट पिरगाळलं. दोन गड्यांनी मागून खांदा लावला. मी वर ट्रकमध्ये उभी राहून दाव्याला हिसका दिला. भगरीनं चारही पाय मातीत रोवले, मान खाली घातली आणि एक लांबलचक फुत्कार टाकला. जागची हलली मात्र नाही.

बाकीच्या पाच म्हशी मुकाट्यानं चढल्या होत्या. गावाबाहेरच्या उंचवट्याला ट्रक पाठमोरा लावून आम्ही मागचा फाळका जमिनीवर टेकवला होता, त्यावर माती आणि गवत पसरलं होतं. जनावराला वाटावं, जमीनच पुढं चाललीय. पाचजणी फसल्या. ही सहावी फसत नव्हती. रुंद कपाळ, खाली वळून कानापाशी गोल फिरलेली शिंगं, आणि अंग असं की तिच्यापुढं आमच्याकडच्या म्हशी कालवडी वाटाव्यात.

जुनागढच्या पुढच्या त्या खेड्यात मी आणि माझे सासरे म्हशी घ्यायला गेलो होतो, त्याला आता खूप वर्षं झाली. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. आमची वाडी विट्याच्या पूर्वेला, उघड्या माळावर. घरधनी लष्करात, तेव्हा जम्मूकडं होते. वाडीतल्या आम्ही सहाजणींनी एकेक म्हैस घेऊन दुधाचा धंदा मिळून करायचं ठरवलं होतं. जनावरं निवडायला आणि सुखरूप घरी आणायला मालननंच, म्हणजे मीच जायचं, हेही बाकीच्या पाचजणींनीच ठरवलं. "मालनला कुणी गंडवू शकत न्हाई," असं त्या म्हणायच्या. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. मामा सोबतीला आले ते सून परमुलखात एकटी कशी जाणार म्हणून.

म्हशी बघणं लवकर उरकलं. घोळ झाला तो गाडीचा. तिथल्या दलालानं एक ट्रक दाखवला. त्यात आधीच कुणाच्या तरी म्हशी उभ्या होत्या, शिंगाला शिंग आणि पोटाला पोट लावून, आणि आमच्याही त्यांच्यातच कोंबायच्या होत्या.

"सगळे असंच नेतात, बेन," तो म्हणाला.

"सगळ्यांच्या म्हशी पोचत असतील," मी म्हटलं. "माझ्या धडधाकट पोचल्या पाहिजेत."

मग मी राजकोटच्या हळदीच्या बाजारात फोन लावला. आमच्या भागातली हळद घेऊन गाड्या तिकडं जातात हे मला ठाऊक होतं. कऱ्हाडचा बाबालाल मुल्ला हळद उतरवून परतीचं भाडं शोधत बसला होता. म्हशींचं नाव काढताच तो आढेवेढे घ्यायला लागला.

"वहिनी, माझ्या गाडीला हळदीचा वास हाय. चांगला वास हाय."

"परत हळद भरली की परत येईल. रिकामी गाडी नेऊन काय वास घेत बसणार?"

आला. त्याच्याकडून मी गाडीत वाळू टाकून घेतली, वर गवत घातलं, दोन म्हशींमध्ये आडवे बांबू बांधून घेतले. कुणी बसली तरी शेजारणीच्या पायाखाली येऊ नये. मामांना ही सगळी थेरं वाटत होती. पण म्हशी बाजारात टेचात नेणाऱ्या माणसाला माझ्यापुढं तोंडावर काही बोलता येत नव्हतं, कारण गाडी मी ठरवली होती.

आणि आता सगळं जमून आल्यावर भगरी अडून बसली होती.

खरं तर असलं जनावर बाजारात येतच नाही. भीखाभाई सुरतेला हिरे घासायच्या कामाला निघाला होता. त्याची बायको आणि मुलगी आधीच तिकडं गेली होती. घर बंद करायचं म्हणून म्हैस विकायला काढली. नुकतीच व्यालेली, पायाशी रेडकू. बाकीच्या पाचजणी गाभण होत्या, दुधावर ही एकटीच.

"काठी आणा," मामा म्हणाले.

तेव्हा ती उठली. इतका वेळ आमच्याकडं पाठ करून दगडावर बसलेली भीखाभाईची आई. सगळं गाव तिला जीवीमा म्हणायचं. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेरानं मोठी, काळी ओढणी, हातावर कोपरापर्यंत गोंदलेलं. आदल्या दिवशी सौदा झाला तेव्हा ती घरातून बाहेरच आली नव्हती.

तिनं मामांच्या हातातली काठी घेतली आणि बाजूला टाकली. भगरीकडं पाहिलंही नाही. तिच्या पुढून फाळक्यावर चढून ती ट्रकमध्ये आली, माझ्या हातातलं दावं काढून घेतलं, सैल सोडलं आणि पाठमोरी उभी राहून नुसतं म्हणाली, "हाल, मा." म्हणजे, चल, माय.

भगरी सरळ चालत वर आली.

बाबालालनं खाली मान हलवत फाळक्याच्या कड्या हातात घेतल्या. मामांनी रेडकू उचलून वर दिलं. मी जीवीमाला उतरायला हात पुढं केला. तिनं हात धरला नाही. ती गवताच्या पोत्यावर बसली.

"मा, उतर," भीखाभाई म्हणाला.

"मी चाललेय हिच्याबरोबर."

ती अर्थातच गुजरातीत बोलत होती. मी ते आपल्या भाषेत सांगतेय. माझं सिनेमातलं हिंदी आणि तिचं काठेवाडी, दोन्ही मिळून आमचं भागत होतं.

"कुठं चाललीस? परमुलखात?" भीखाभाईचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील? मी तुला सुरतेला न्यायला थांबलोय ना?"

"ही माझ्याशिवाय कुणाला पान्हा घालत नाही. वाटेत धार काढली नाही तर कास दगड होईल. या बेनचं नुकसान नको व्हायला."

हे खरं होतं. सौदा करताना भीखाभाईनंही तेवढं सांगितलं होतं, की नव्या हाताला रुळायला वेळ घेईल.

मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालन, ह्या बाईला खाली उतरीव. ना वळख ना पाळख. उद्या वाटंत तिला काय झालं, न्हाईतर तिनं काय केलं, तर आपुन कुणाकुणाला तोंड देयाचं?"

"आणि म्हशीला काय झालं तर?"

"सगळ्याच म्हशी सुरुवातीला आसंच करत्यात."

मी जीवीमाकडं पाहिलं. तिनं एका हातानं भगरीची मान खाजवायला घेतली होती आणि ती आमच्या बोलण्याची वाटही बघत नव्हती. जाणारच होती ती.

"येऊ द्या तिला, मामा," मी म्हटलं. "भगरी माझ्या वाट्याची आहे. धार मला काढायचीय. शिकवायला कुणी येत असेल तर नाही कशाला म्हणू?"

भीखाभाईनं माझ्याकडून पत्ता लिहून घेतला, आठ-पंधरा दिवसांत न्यायला येतो म्हणाला. आईशी मात्र एक शब्द बोलला नाही.

मामा पुढं बाबालालशेजारी बसले. मी मागं, म्हशींत. पहिल्या दिवशी जीवीमानं माझ्याकडं फक्त चौकशा केल्या, आणि प्रत्येक चौकशी अशी, की जणू मी तिची मुलगी मागायला आलेय.

"तुमच्याकडं तळं आहे?"

"नाही. विहीर आहे."

"नदी?"

"लांब आहे. पण हौद बांधलाय. मोठा."

"हौद." तिनं तो शब्द तोंडात घोळवला. "एवढ्या मोठ्या जनावराला हौद."

"सावली आहे. वारा आहे. ओला चारा आहे," मी म्हटलं. "आणि मी आहे."

त्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

संध्याकाळी एका ढाब्यावर थांबलो. ढाब्यावर पाण्याची टाकी होती, मालकानं सहा म्हशी बघून तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, "पाणी द्या, दूध घ्या." तेवढ्यावर तो खूश झाला. मी दुधाची कासांडी घेऊन भगरीखाली बसले. सडाला हात लावताच तिनं पाय झाडला, कासांडी पार टायरखाली गेली. रेडकू सोडून बघितलं, ते ढुशा देऊन दमलं, पण तिनं पान्हा चोरला तो चोरलाच.

जीवीमा आली. तिनं रेडकू ओढून लांब बांधलं. भगरीच्या कानाशी तोंड नेऊन तिनं काहीतरी गुणगुणलं, आणि रेडकाची आठवणही न होता भगरीच्या कासेला पान्हा उतरला. दुधाचा नुसता आवाज ऐकत राहावा अशी धार. ढाबेवाला ग्लास घेऊन उभाच होता.

"मी बसू शेजारी?" मी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. आम्हाला कुणालाच ती भगरीजवळ फिरकू देत नव्हती. पाणी तीच पाजणार, चारा तीच घालणार. मामा मला म्हणाले, "ही शिकवाय आलीया का राखाण कराय?"

भरूच मागं टाकलं आणि भर दुपारी गाडीखाली मोठ्यानं कट्ट झालं. गाडी एका अंगाला कलली. बाबालाल खाली वाकून बघून आला, आणि त्याचा चेहराच सांगत होता.

"स्प्रिंगचा पाटा तुटला, वहिनी. मेन पाटा. जॅक लावायला लागणार. एवढं वजन वर ठिवून जॅक लागायचा न्हाई."

"म्हणजे म्हशी उतरवायच्या?"

"उतरवायच्या."

उन्हाळा तोंडावर आलेला. दोन्ही बाजूंना कापून मोकळी झालेली शेतं, सावलीला एकच बाभळ. म्हशीला ऊन सोसत नाही. आत एकजण तोंड वासून धापा टाकायला लागली होती, तिच्या तोंडातून फेस गळत होता. बाबालालनं गाडी रांगत-रांगत कालव्याच्या भरावापाशी नेली, फाळका टेकवला आणि आम्ही सगळ्या म्हशी खाली घेतल्या. पाटा दुरुस्तीला न्यायला तो एका टेम्पोला हात करून निघून गेला.

आणि तेवढ्यात मामा बसले. उभे होते ते एकदम खालीच बसले. डोळे पांढरे झाले, उलटी झाली. ऊन लागलं होतं. मी त्यांना ट्रकच्या सावलीत ओढलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला.

जीवीमानं कपाळावर हात धरून दूरवर बघितलं. "त्या झाडांच्या पलीकडं पाणी आहे," ती म्हणाली. "पाखरं उतरताहेत. मी यांना घेऊन जाते. भगरी पुढं चालली की बाकीच्या येतील."

मामांनी डोळे उघडले. "तू जा संगं," ते मला पुटपुटले. "एकटीला सोडू नगंस. मालन, समद्या म्हशी हायत. सहा घरांच्या हायत."

"तुम्हाला असं टाकून जाऊ?"

"मी मरत न्हाई. तू जा."

त्यांचा हात माझ्या हातात गार पडला होता. शेजारी रेडकू जीभ काढून पडलं होतं, त्याच्यानंही तेवढं चालवणार नव्हतं. आणि ती धापा टाकणारी म्हैस आणखी थोडा वेळ उन्हात उभी राहिली असती तर पुन्हा उठली नसती.

मी जीवीमाला म्हटलं, "जा तुम्ही. मी यांना बरं वाटलं की येते."

तिनं विचारलं, "सगळ्या नेऊ?"

"सगळ्या."

ती क्षणभर थांबली. मग ओढणी डोक्यावरून घट्ट ओढून चालायला लागली. मागं भगरी, भगरीमागं बाकीच्या. धूळ उडत राहिली आणि झाडांपलीकडं दिसेनाशी झाली.

मामांना मी मीठ-साखरेचं पाणी थोडंथोडं पाजत बसले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, मला शिव्या देण्याइतकी ताकद आली. तेव्हा मी उठले. रेडकू त्यांच्या स्वाधीन केलं आणि झाडांच्या दिशेनं निघाले.

तळं होतं. चांगलं मोठं, कडेला गवत. पाण्यात नाकापर्यंत बुडून म्हशी बसल्या होत्या, धापा टाकणारीसुद्धा. डोळे मिटून, सुखात.

पाच होत्या.

मी हाक मारली. तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेले. ओल्या चिखलात भगरीचे खूर उठले होते, ताटाएवढे, आणि त्यांच्यापुढं अनवाणी पावलं. ती पावलं पाण्यातून निघून बांधावर चढली होती आणि बांधावरून आम्ही ज्या दिशेनं आलो होतो त्याच दिशेनं गेली होती. उत्तरेकडं.

धावत सुटावं असं वाटलं, आणि मी चार पावलं धावलेही. मग मागं वळून पाण्यातल्या पाचजणींकडं बघितलं. मी गेले तर या उठून कुठं जातील याचा नेम नव्हता. त्या पाच बायका माझ्या भरवशावर घरी बसल्या होत्या. माझी एक गेली तर माझी गेली.

मी परत काठावर आले आणि बसले. मनाशी म्हटलं, रेडकू माझ्यापाशी आहे. म्हैस रेडकू सोडून फार लांब जात नाही, एवढं मला म्हशीतलं कळतं. बाईतलं किती कळतं, ते आता दिसेल.

ऊन कलत गेलं. एक म्हैस उठून काठाला येऊन गवत खायला लागली, दुसरी तिच्यामागं आली. मी त्यांना हाकारत एका जागी ठेवत होते. डोळे बांधाकडं होते.

बांधावर आधी शिंगं दिसली. मग काळी ओढणी. भगरी झपाझप येत होती आणि जीवीमा तिच्यापुढं, तोंड धुळीनं माखलेलं, पाय चिखलानं भरलेले. माझ्याजवळ येऊन ती उभी राहिली.

"चाऱ्याला गेले होते," ती म्हणाली.

चारा माझ्या पायाशी गुडघ्याएवढा उभा होता.

मी तिच्याकडं बघितलं. विचारायचं ते सगळं तोंडात आलं होतं. पण ती आली होती. आणि सहाच्या सहा म्हशी माझ्यासमोर उभ्या होत्या.

"चला," मी म्हटलं. "बाबालाल आला असेल."

बाबालाल खरंच आला होता, पाटा बसवून हात पुसत उभा होता. मामांनी म्हशी मोजल्या, परत मोजल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुढं कुटंतरी च्याला थांबू. त्या बाईनं सकाळधरनं काय खाल्लं न्हाई."

त्या संध्याकाळी धारेच्या वेळी जीवीमानं कासांडी स्वतः घेतली नाही. माझ्याकडं दिली. रेडकू सोडून भगरीच्या कासेला लावलं आणि मला शेजारी बसवून माझा हात आपल्या हातात घेऊन सडावर ठेवला. तिचा हात वर, माझा खाली.

"नखं काप," ती म्हणाली. "आणि दम धरून बसू नकोस. श्वास घे. तिला सगळं कळतं."

वाडीला पोचलो तेव्हा पाचही जणी वेशीपाशी उभ्या होत्या. जिची तिची म्हैस जिच्या तिच्या दारी गेली. बाबालालनं गाडी धुऊन घेतली आणि जाताना मला म्हणाला, "वहिनी, पुढच्या येळी सांगा. हळदीचा वास तसाबी लई तिखट हुता." त्यानंतर आमच्या सगळ्या म्हशी त्याच्याच गाडीनं आल्या.

जीवीमा आमच्याकडं राहिली. भाकरी तिला जमली, आमचं तिखट जमलं नाही. तिनं पहिल्या दिवसापासून एकच धरलं: भगरीच्या गोठ्यात धारेच्या वेळी ती येणार नाही. पहिल्यांदा तिनं आपली काळी ओढणी माझ्या डोक्यावर टाकली आणि ती मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. भगरीनं मला हुंगलं, ओढणी हुंगली, आणि थोडा पान्हा घातला, उपकार केल्यासारखा. मग काही दिवसांनी जीवीमानं ओढणी काढून घेतली. भगरी परत अडली. लाथ मारली, माझी नडगी सुजली.

"तुम्ही या ना जरा. नुसत्या उभ्या राहा," मी तिला विनवलं.

"नाही."

"कास तटलीय तिची."

"रेडकू सोड. मला बोलावू नको." तिचा आवाज घट्ट होता, पण दोन्ही मुठी ओढणीच्या पदरात आवळलेल्या मला दिसत होत्या. गोठ्यातून भगरी तिला हाका मारत होती. जीवीमा विहिरीकडं निघून गेली.

तिथं गोठ्यात मामा होते. इतके दिवस ते काठी घेऊन धारेला उभे राहायचे. त्या दिवशी त्यांनी काठी भिंतीला लावली आणि रेडकू सोडलं. मी नखं कापलेली होती. श्वास घेत, डोकं तिच्या कुशीला टेकून, काहीबाही गुणगुणत बसले, माझंच, जात्यावरचं. भगरीनं मान वळवून रेडकाला चाटलं. आणि मग माझ्या बोटांत सड एकदम भरून आले. कासांडीच्या बुडावर पहिली धार वाजली तेव्हा मामा मोठ्यानं म्हणाले, "आली!"

विहिरीपर्यंत ते ऐकू गेलं असावं. कारण जीवीमा संध्याकाळी जेवताना म्हणाली, "भीखाला तार कर. यायला सांग."

भीखाभाई आला. आईला बघून तो आधी रागावला, मग रडला. मामांनी त्याला सगळ्या म्हशी दाखवल्या, आपणच आणल्यासारख्या. जीवीमानं भगरीचा निरोप घेतला नाही. तिच्या गोठ्याच्या मागच्या बाजूनं, भिंतीला लागून, ती रस्त्यावर आली.

मी विट्याच्या एसटी स्टँडवर पोचवायला गेले. भीखाभाई तिकिटाच्या खिडकीशी गेला होता. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो.

"त्या दिवशी तळ्यावर तू मला काही विचारलं नाहीस," जीवीमा म्हणाली.

"चाऱ्याला गेले होते म्हणालात की."

"चारा तर तिथंच होता."

"दिसला होता मला."

"मी भगरीला घेऊन परत निघाले होते. ट्रकमध्ये चढले तेव्हाच ठरवलं होतं. कुठंतरी सोडवून घेईन आणि चालत घरी जाईन. घराला कुलूप लागलेलं, हे माहीत होतं. तरी."

"मग भगरी वळली असेल," मी म्हटलं. "रेडकासाठी."

"तेच तर." तिनं माझ्याकडं बघितलं. "मीही वाट बघत होते, आता वळेल, मग वळेल. अडेल, ओरडेल, आणि मी तिला ओढत नेईन. ती वळली नाही, मालन. एकदा मान फिरवून बघितलं नाही. ताजी व्यालेली म्हैस, रेडकू मागं टाकून माझ्यामागं खुशाल चालत होती. मी नेलं असतं तर काठेवाडापर्यंत आली असती." तिनं गोंदलेले हात मांडीवर उलटे ठेवले, जसं काही त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. "तेव्हा माझे पाय थांबले. म्हटलं, जीवी, हिचं तू काय करून ठेवलंस?"

स्टँडवर कुठलीतरी गाडी लागली, पोरं ओरडत धावली. जीवीमाचं लक्ष खिडकीकडं होतं. भीखाभाई रांगेत उभा होता, मान वळवून वळवून आई दिसतेय का ते बघत होता.

"त्याची मुलगी चालायला लागलीय म्हणे," ती म्हणाली. "वर्षभर बाप तिथं नाही. मीच त्याला जाऊ दिलं नाही. आज दुखतंय, उद्या जा. सण झाला की जा."

भीखाभाई तिकिटं घेऊन आला. गाडी लागली. मी तिच्या पाया पडले, तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझी नखं बघितली.

ती खिडकीशी बसली. गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही, ती शेजारी बसलेल्या मुलाशी काहीतरी बोलत होती. मीही थांबले नाही. भगरीच्या धारेची वेळ झाली होती.